क्रांतीची पाठ आणि बापूचं दुकान

"ही ट्यूब मिळणार नाही," औषधाच्या दुकानातला काउंटरपलीकडचा मुलगा म्हणाला आणि क्रांती त्याच्याकडे बघतच राहिली.

दोन वर्षं ती हीच ट्यूब वापरत होती. मावशीने दिलेली, मावशीला शेजारणीने सांगितलेली. खांद्यांवर, पाठीवर पुटकुळ्या उठल्या की चोळायची. चार दिवस बरं वाटायचं, पाचव्या दिवशी दुप्पट यायच्या. घर साताऱ्याचं, नोकरी सांगलीत, फिजिओथेरपिस्टची. दिवसभर दुसऱ्यांच्या पाठी दाबायच्या आणि स्वतःची मात्र मानेपर्यंत बंद कुडत्यात झाकायची, आहे की नाही गंमत? ओळखीचं कुणी भेटायला नको म्हणून बाईसाहेब राहत्या विश्रामबागेतून मुद्दाम लांब गावभागात यायच्या. आणि हा शहाणा म्हणे मिळणार नाही.

"यात स्टिरॉइड आहे," तो आवाज खाली आणून म्हणाला. "पुटकुळ्या यानेच वाढतात. डॉक्टरांची चिठ्ठी आणा, त्या लिहितील ते देतो." मग त्याने एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंचा पत्ता लिहून दिला आणि तिचं नाव विचारलं. लाजेने तिच्या तोंडून रूममेटचंच नाव निघालं — श्रद्धा.

रागाने ती धुमसत गेली खरी, पण गेली डॉक्टरांकडेच. तिथेही नाव सांगितलं श्रद्धाच. बाईंनी पाठ बघितली आणि आधी ती ट्यूब कचऱ्यात टाकायला लावली. घाम आला की लगेच अंघोळ, पाठ धुवायला औषधी लिक्विड, रात्री जेल. काळे डाग फिके व्हायला सहा महिने, वर्षही लागेल, आणि जिथे खड्डे पडलेत तिथे थोडं राहणारच, असं त्यांनी स्पष्ट सांगून टाकलं.

मग दर महिन्याला ती त्या दुकानात. त्याला सगळी गल्ली बापू म्हणायची, म्हणून तीही मनात बापूच म्हणायला लागली. तो इतर गिऱ्हाइकं जाईपर्यंत थांबायचा, औषध कागदात गुंडाळायचा आणि हळूच विचारायचा, फरक आहे का. एकदा ती फारच गंभीर तोंड करून आली, तर म्हणाला, "हसायला चिठ्ठी लागत नाही, श्रद्धा." घरी जाईपर्यंत ती हसत होती, वेड्यासारखी.

पाचव्या महिन्यात तर ती दहा दिवस आधीच हजर.

"जेल संपलं इतक्यात?"

"सांडलं."

"ट्यूबमधून...?"

ती लाजली, तो लाजला, आणि दोघांनीही काउंटरवरच्या काचेकडे बघण्यात बराच वेळ घालवला. खरं नाव सांगावं असं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण इतक्या महिन्यांचं खोटं कुठल्या तोंडाने कबूल करायचं?

त्याच आठवड्यात साताऱ्याहून आईचा फोन. रविवारी पाहुणे येतायत, मुलगा विश्वजीत, घरचा धंदा. फोटो पाठवला होता, क्रांतीने उघडलासुद्धा नाही. आईने बजावलं, पाठीबद्दल अवाक्षर काढायचं नाही. कराडचं स्थळ त्यावरूनच गेलं होतं. साखरपुड्याला आठ दिवस असताना, ब्लाउजचं माप देताना मुलाच्या आईने तिची पाठ पाहिली आणि दुसऱ्या दिवशी नकार आला. आई त्यानंतर महिनाभर धड जेवली नव्हती.

रविवारी क्रांती पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर आली, मान वर केली... आणि विश्वजीत म्हणून समोर बापू.

जगात जो एकच पुरुष तिचं सगळं गुपित जाणून होता, तोच नेमका इस्त्रीचा शर्ट घालून सोफ्यावर बसला होता. त्याने ट्रेमधून उचललेली बशी कलंडून चमचा फरशीवर पडला.

थोरल्यांनी दोघांना गच्चीवर पाठवलं.

"तुम्ही श्रद्धा नाही?"

"नाही... क्रांती."

"मी नकार द्यायला आलो होतो, फोटोही बघितला नव्हता," तो म्हणाला. "मनात एक मुलगी आहे. घरी काय सांगणार? आडनावसुद्धा माहीत नाही तिचं. आणि आज कळतंय, नावही माहीत नव्हतं."

क्रांतीने कठडाच धरला. तो मात्र जपून बोलत होता. दुकानातलं दुकानातच राहतं, खाली मी तुम्हाला ओळखत नाही, सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा, म्हणाला.

खाली उतरले तर बापूची आत्या राहीबाई तयारच. तासगावाकडची बाई, आडपडदा नाही. "कराडचं स्थळ का मोडलं गं? अंगावर काय हाय का?"

"छे हो, पत्रिका जुळली नाही," आई घाईघाईने म्हणाली.

झालं, सुटली होती क्रांती. गप्प राहिली असती तर हवं ते सगळं पदरात पडत होतं. बापू गच्चीवर दिलेला शब्द पाळत फरशीकडे बघत होता. पण आईचा कापरा आवाज ऐकून तिला भरून आलं. किती दिवस ही बाई आपल्यासाठी खोटं बोलणार?

"पत्रिका जुळत होती," क्रांती म्हणाली. "माझ्या पाठीवर पुटकुळ्या येतात, त्यांचे डाग आहेत. उपचार चालू आहेत. कमी होतायत, पण सगळे जाणार नाहीत."

आईने तोंडावर पदर धरला.

"औषध कुणाकडनं घेतीस?" राहीबाईंनी विचारलं.

"यांच्याकडूनच. पाच महिने झाले."

सगळ्यांच्या माना गर्रकन बापूकडे वळल्या. त्याचे कान लाल झाले होते.

"म्हंजी तुला समदं ठावं हुतं?"

"व्हय, आत्या."

"आन् तरीबी...?"

"तरीबी कशाला, आत्या?" बापू म्हणाला. "मला हीच पायजे."

राहीबाई गार पडल्या. आई मटकन खुर्चीत बसली. मुलीला काय वाटतं हे अजून कुणी विचारलंच नव्हतं, आणि थोरल्यांनी विचारल्याशिवाय मुलीने बोलायची त्या घरात रीत नव्हती. क्रांती दोन पावलं पुढे आली.

"मलाही हेच पाहिजेत," ती म्हणाली.