ताटलीची पारख

आई जाऊन सव्वा महिना झाला, आणि धाकट्या भावाला ताटलीची आठवण झाली.

"ताई, ती निळ्या काठाची चिनी मातीची ताटली तू नेलीस ना? जुनी आहे गं. किंमत तरी काढून बघू. येतील त्यात अर्धेअर्धे."

फोन ठेवला आणि तिचा पाय शिवणयंत्रावर असा पडला की सुईच मोडली. आईचं घर त्याचं झालं, कपाटं त्याची झाली, गाद्यासुद्धा. तिनं मागितली होती फक्त आई रोज जेवायची ती ताटली. त्यातही याचा वाटा! तरी ताटली घेऊन ती गेली. आज एकदाचं तोंडावर सुनावायचं, असं ठरवूनच गेली.

जुन्या वस्तूंचं दुकान एका जिन्याखाली होतं. भर दुपारी आत दिवा लावावा लागे. वॉर्निशचा आणि दमट कागदाचा वास नाकात बसत होता. भाऊ आधीच येऊन स्टुलावर बसला होता, पाय हलवत.

म्हाताऱ्या दुकानदारानं ताटली उलटी करून खालचा शिक्का पाहिला. नखानं टिचकी मारली. नाद बराच वेळ घुमत राहिला.

"तडा नाही," तो म्हणाला. "आता उजेडात बघू. अस्सल माल असला की पलीकडची बोटं दिसतात."

त्यानं ताटली दिव्यासमोर धरली आणि मागे आपला पंजा नेला. पांढऱ्या मातीतून चार बोटांची सावली उमटली.

"बघा. उत्तम आहे. चांगली किंमत..."

बोलता बोलता त्यानं पंजा काढून घेतला.

बोटं तिथंच राहिली.

बारीक, सांध्यांशी सुजलेली. करंगळी आत वळलेली. त्या हाताची नखं तिनं किती रविवारी कापली होती!

"डाग असेल..." भाऊ पुटपुटला.

मग ती बोटं मिटली. मूठ झाली. मूठ मागे गेली, पुढे आली. ठक. ठक. ठक. आवाज ताटलीतून येत होता, पण लाकडावर थाप पडावी तसा.

भाऊ स्टुलावरून उठला. चेहरा राखेसारखा. "मी उघडणारच होतो," तो म्हणाला. "आई, शप्पथ... सकाळी उघडणारच होतो..."

"काय उघडणार होतास?"

तो दाराकडे सरकू लागला.

"तू तर सांगितलंस, आई झोपेत गेली. काय उघडणार होतास, बोल!"

"मागच्या खोलीचं दार," तो कसाबसा म्हणाला. "रात्रभर घरात फिरायची, ताई. झोपू द्यायची नाही. बाहेरून कडी लावायचो आम्ही. त्या रात्री जरा जास्तच ठोठावत होती..."

तिनं त्याच्या थोबाडीत मारली. आयुष्यात पहिल्यांदा. हात झिणझिणला, तरी दुसरी मारली. तो गाल धरून दुकानाबाहेर पळाला.

दुकानदारानं ताटली कागदात गुंडाळली. "बाई, घेऊन जा. हिची किंमत मला नाही करता येणार."

घरी आल्यावर तिनं ताटली खिडकीच्या उन्हात धरली. आरपार स्वच्छ. कुणी नव्हतं. ताटली टेबलावर ठेवून ती नुसती बसून राहिली. रडू येत नव्हतं. राग येत होता, त्याचा आणि रविवारी तासभर डोकावून परत फिरणाऱ्या स्वतःचासुद्धा.

दिवेलागणीला भावजयीचा फोन आला.

"ताई, हे दुपारी आले ते सरळ मागच्या खोलीत गेले. दार उघडत नाही हो. बाहेरची कडी काढलेलीच आहे... आणि आतून कडी नाहीच त्या दाराला! शेजारच्या चौघांनी धक्के दिले, जरासुद्धा हलत नाही."

"ठोठावतोय?"

"नाही..." भावजय कुजबुजली. "आत कुणीतरी जेवतंय. चिनी मातीवर चमचा वाजावा तसा आवाज येतोय. आमच्याकडे तर सगळी स्टीलची भांडी. हाक मारली की आवाज थांबतो..."

ती थांबली. फोनमधून बारीक, सावकाश आवाज ऐकू येऊ लागला.

"...आणि मग परत सुरू होतो."