मितेशला जूवर न्या

यंदाच्या हंगामासाठी नवं बेट शोधायचं होतं, आणि तेही दिवाळीच्या आत. कशेळीच्या धक्क्याला बांधलेली ‘मितेश’ ही दोन केबिनची बोट पाहुण्यांना खलाशी आणि स्वयंपाकासकट भाड्याने जायची. हे पाहुणे मोठे मजेदार. त्यांना बेट हवं ते निर्मनुष्य, पण उतरल्याबरोबर हातात गरम चहा पाहिजे. शांतता हवी ती अगदी जगाच्या आरंभीची, पण मोबाइलला रेंज असली तर बरं. जुन्या ठिकाणी आता सुट्टीच्या दिवशी बोटीला बोट घासत होती. बुकिंग घेणाऱ्या कंपनीने बजावलं होतं की नवं ठिकाण दाखवा, नाहीतर यंदा तुमची बोट धरणार नाही.

भाग्यश्रीला बोट थांबवायची नव्हती. गेल्या वर्षी पावसाळा सरता सरता तिचा नवरा मितेश खाडीच्या तोंडाशी, वादळात, याच बोटीवरून पाण्यात फेकला गेला. बोट सापडली, मितेश सापडला नाही. तिने बोटीचं जुनं नाव खरवडून तिथे त्याचं नाव रंगवून घेतलं. गळ्यातलं मंगळसूत्र काढलं नाही, आणि कुणी तो विषय काढला की ती उठून जायची. बोट त्या पाण्यातून जाते-येते तोवर त्याचा शोध चालू आहे, असं तिने मनाशी धरलं होतं. बोट बांधून ठेवली की तो मेला. वेडं गणित होतं, पण वर्षभर ती त्याच्यावरच जगत होती.

बेटाची कल्पना सासूची, सीताबाईची. महिनोन् महिने तिचं एकच पालुपद, “भाग्या, मितेशला जूवर न्या गो.”

खाडीकाठच्या बोलीत जू म्हणजे बेट. भाग्यश्रीचं माहेर पडघ्याकडचं. तिला जू ठाऊक होतं ते बैलांच्या मानेवरचं. नवी नवरी असताना सासऱ्यांच्या धाकट्या भावाबद्दल, नामाकाकांबद्दल, तिने विचारलं होतं. उत्तर आलं, “नामा जूवर हाय.” म्हणजे काका नांगर धरतात म्हणायचे, असं ती मितेशला म्हणाली. गावातल्या शेतांची तोवर गोदामं झाली होती! मितेश डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसला आणि मग त्याने समजावलं, “अगं, जू म्हणजे बेट.” तेवढंच सांगितलं. पुढचं सांगायची गरज त्याला वाटली नसावी.

तेव्हापासून तिच्या मनात नामाकाकांचं एक चित्र पक्कं होतं. दूर बेटावर एक झोपडी, दारात जाळं विणत बसलेला तिरसट म्हातारा. आता सासूचं बोलणं ऐकून तिला वाटलं, खरंच की! ‘मितेश’ला तिथेच न्यावी. माणूस आपला, बेट ओळखीचं, पाहुण्यांना आणखी काय हवं?

तिने सासऱ्यांना सांगितलं, “बाबा, आपण जूवर जाऊ.”

केसरीनाथांनी तिच्याकडे पाहिलं. त्यांचे डोळे भरून आले. “बरा झाला, बाय,” ते म्हणाले. “तूच बोललीस ता बरा झाला.”

भावाच्या आठवणीने गहिवरले असतील, असं तिला वाटलं.

पहाटेच्या ओहोटीबरोबर तिघं निघाली. सुकाणूवर राकेश, खारबावचा, मितेशचा दोस्त आणि आता या बोटीचा कप्तान. तो त्यांच्या भावकीतला नव्हता. जू त्याने लांबूनच पाहिली होती. भाग्यश्रीने काकांसाठी नवा टॉवेल घेतला होता. सीताबाईने तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीच्या कालवणाचा डबा दिला, वर सांगितलं, “पयलं त्याला वाढ.” केसरीनाथ एक जड गोणी छातीशी धरून आले आणि ती त्यांनी केबिनच्या कोपऱ्यात अलगद ठेवली.

“काय आहे, बाबा?”

“दगड हाय,” ते म्हणाले. पाण्यावर असताना याहून जास्त काही बोलायला ते तयार नव्हते.

बोट संथ चालली होती. तिवरांच्या हिरव्या भिंती, चिखलात एका पायावर उभे बगळे, मग घोडबंदरचा पूल, मग भाईंदरचे रेल्वेचे पूल, आणि त्यापलीकडे खाडी पसरत पसरत दोन्ही काठ विसरून जाणारी. पाण्याचा मातकट रंग हळूहळू हिरवट झाला आणि वाऱ्याला मिठाचा वास आला. इथेच कुठेतरी मितेश गेला होता. नेहमीप्रमाणे भाग्यश्री कठड्याशी जाऊन उभी राहिली आणि लाटांवरची प्रत्येक काळी वस्तू नीट निरखू लागली. राकेश तिच्याकडे पाहायचं टाळत होता.

खाडीच्या तोंडाबाहेर वारा फिरला. बोट आडव्या लाटेत लोळू लागली. उत्तरेकडे खडकांची रांग, तिच्यामागे जूचा हिरवा ठिपका. एवढ्यात बोटीखाली काहीतरी कचकन आवळलं आणि इंजिन गपकन बंद पडलं.

“जाळा गुतला पंख्यात!” राकेश ओरडला.

कुणाचं तरी तुटून वाहत आलेलं जाळं होतं. वारा बोटीला खडकांकडे ढकलत होता. राकेशने नांगर टाकला. दोरी ताणली, सैल पडली, पुन्हा ताणली. नांगर वाळूत घसटत येत होता! खडकांवर फुटणाऱ्या लाटांचा फेस आता तोंडावर उडत होता.

“वजन पायजे दोरीला! ती दगडाची गोनी बांधा, वहिनी!”

भाग्यश्री केबिनमध्ये धावली. केसरीनाथ गोणीवर पालथे पडले होते, दोन्ही हातांनी तिला कवटाळून.

“बाबा, सोडा! आपण मरू!”

“कायपन टाक,” ते म्हणाले. “यो न्हाय.”

तिला इतका संताप आला की तिने त्यांचा हात धरून हिसकला. म्हातारा हलेना. मग तिने हत्यारांची लोखंडी पेटी ओढत नेली, राकेशने ती साखळीने दोरीला अडकवून खाली सोडली. दोरी ताणली. बोट थरारली. थांबली.

भाग्यश्रीने कमरेला दोर बांधला, कोयता घेतला आणि पाण्यात उडी मारली. गार, गढूळ पाणी. बोट वर-खाली आपटत होती. एकदा डोकं बोटीच्या तळाला लागलं. जाळ्याचे पीळ ती चाचपून कापत गेली. श्वास संपला की वर, पुन्हा खाली. एकदा जाळ्यात हात अडकला आणि तिला वाटलं, मितेशलाही असंच झालं असेल. पाण्याखाली ती रडली. शेवटचा पीळ सुटला!

राकेशने दोराने तिला वर ओढून घेतलं. इंजिन खोकलं, सुरू झालं. पेटी आणि नांगर समुद्रालाच देऊन ते खडकांच्या फटीतून आत शिरले.

आत पाणी तळ्यासारखं निवांत होतं. चंद्रकोरीसारखी वाळू, मागे शिंदीची झाडं, केवड्याचं बन, आणि कातळाच्या बेचक्यात चक्क गोड पाण्याचा झरा! ओल्या कपड्यांनिशी भाग्यश्रीने मोबाइलवर फोटो काढले. इथे खुर्च्या, इथे कंदील, इथे चूल. कंपनी नाचेल. नवं ठिकाण मिळालं होतं. बोट चालणार होती.

मग तिने टॉवेल आणि डबा घेतला. “बाबा, नामाकाका कुठे राहतात?”

केसरीनाथ गोणी खांद्यावर घेऊन चालत होते. ते थांबले. वळून तिच्याकडे बघताना त्यांचा चेहरा हळूहळू बदलत गेला, आणि मग त्यांना समजलं की या पोरीला काहीच ठाऊक नव्हतं.

“यो काय नामा,” ते हलकेच म्हणाले.

शिंदीच्या सावलीत दगड उभे होते. गुडघ्याएवढे, शेंदूर लावलेले, काही नवे, काही वाऱ्याने झिजून गोल झालेले. सगळे समुद्राकडे तोंड करून. ते एका दगडापाशी खाली बसले आणि त्यावर हात ठेवला.

“आमचे भावकीत पान्यानं नेला आनि परत दिला न्हाय, त्याचा दगड जूवर आनतात. मेला बोलत न्हाय आमी. जूवर हाय, बोलतो.”

भाग्यश्रीच्या हातातला डबा वाळूत पडला. मितेशला जूवर न्या. सासू वर्षभर बोटीबद्दल बोलतच नव्हती. आळीतल्या बायाही विचारायच्या, मितेशला कवा नेताय? ती त्यांना उत्साहाने सांगायची, दिवाळीच्या आत! त्या मान डोलवून डोळे पुसायच्या. आपल्याच तोंडाने तिने नवऱ्याचा दिवस ठरवला होता.

केसरीनाथांनी गोणी सोडली. आत खाडीतला काळा गुळगुळीत दगड होता. “आपले धक्क्याखालचा हाय. ल्हानपनी याच्यावरून उड्या मारायचा.” आणि मग हात जोडून, जणू चूक त्यांचीच होती असं, “तुला नको असंल तं परत नेतो, बाय. जबरदस्ती न्हाय.”

समोर ते पाणी होतं, ज्यात तिने वर्षभर त्याला शोधलं होतं. एवढं पाणी, आणि तो त्यात कुठेच नव्हता. मग ती मोठ्याने रडली, पहिल्यांदाच, सासऱ्यांच्या खांद्यावर डोकं टेकून. राकेश दूर पाठ करून उभा राहिला आणि तोही रडला.

“नामाकाकांच्या शेजारी ठेवू,” शेवटी ती म्हणाली. “एकटा नको.”

तिघांनी हातांनी वाळू उकरली. दगड उभा केला, समुद्राकडे तोंड करून. काकांचा टॉवेल तिने दोन्ही दगडांवर मिळून पांघरला, आणि सासूने सांगितलं होतं तसं पहिलं त्याला वाढलं.

निघताना राकेशने विचारलं, “कंपनीला फोटो पाठवायचे ना, वहिनी?”

तिने मोबाइल काढला आणि एकेक फोटो पुसून टाकला. “इथे खुर्च्या मांडायच्या नाहीत.”

“मग यंदाचा हंगाम गेला.”

“जाऊ दे.”

परतीच्या वाटेवर ती कठड्याशी गेली नाही. केसरीनाथांजवळ बसून राहिली.

ऊन उतरता उतरता बोट कशेळीला लागली. धक्क्यावर सीताबाई उभी होती, सकाळपासून तिथेच असावी. गोणी दिसते का, ते पाहत होती.

भाग्यश्री उतरली, बोटीची दोरी खुंटाला पक्की बांधली आणि सासूचे हात हातात घेतले.

“आई,” ती म्हणाली, “मितेश जूवर हाय.”