मागच्या बाकावरची बाई

"हे पत्र कोणी लिहिलं, एवढंच मला हवंय," पुनम म्हणाली आणि तिने टाइप केलेला कागद मेहरुनआपांसमोर ठेवला.

मेहरुनआपा जळगावात खासगी तपासाची कामं करत. त्या कुठलाही कागद दोनदा वाचत. त्यांचा मदतनीस समाधान एकदाच वाचायचा, तोही मोठ्याने.

"'धुळ्याच्या जुन्या चर्चमधली संध्याकाळची फेरी पाहण्यासारखी राहिलेली नाही. अभिमन गुरुजी तेच तेच सांगतात. गेल्या शनिवारी मागच्या बाकावरची बाई तोंडावर हात धरून जांभया देत होती. सव्वासातला ती उठून गेली. लोक नंतर छान झाली म्हणतात, ते खरं नसतं. फेरी बंद करावी.' खाली सही नाही."

"गुरुजी म्हणजे माझे वडील," पुनम म्हणाली. "चर्च बंद झालं की दर शनिवारी ते लोकांना आतून दाखवायचे. अकरा वर्षं. ह्या पत्रामुळे समितीने फेरी थांबवली. तीन महिन्यांत आबा गेले. परवा समिती ठरवणार आहे, फेरी पुन्हा सुरू करण्यात काही अर्थ आहे का. त्याआधी तो माणूस मला समोर हवाय."

"तुम्ही पाहिलीत फेरी?"

"एकदा. छान होती."

"शेवट कसा करायचे?"

"आभार मानायचे. टाळ्या व्हायच्या."

दुसऱ्या दिवशी तिघं धुळ्याला पोहोचली.

समितीचे सचिव हिलालभाऊ आढेवेढे न घेता बोलले. "संध्याकाळी ती जागा मला लग्नाआधीच्या फोटोंसाठी द्यायची होती. लपवत नाही. पण फेरीच्या वेळी मी पलीकडे कार्यालयात असायचो. आत कधी बसलो नाही."

"अकरा वर्षांत एकदाही नाही?" समाधान म्हणाला. "फुकट होती तरी?"

हिलालभाऊंनी चष्मा पुसायला घेतला.

कॉलेजात इतिहास शिकवणारे नवलसर म्हणाले, "गुरुजींच्या तारखा चुकायच्या. मी पहिल्या बाकावर बसून टिपून घ्यायचो. पण शेवटी ते दिवे मालवून सगळ्यांना पाच मिनिटं गप्प बसवायचे. टाळी वाजवलेली त्यांना खपत नसे. त्या पाच मिनिटांसाठी मी दर शनिवारी यायचो."

"मधूनच कोणी उठून गेलं होतं?"

"कळलं नाही. चपला बाहेर, सगळे अनवाणी. मागचं पाऊल ऐकू येत नाही."

चौकीदार चिंधानाना दारातल्या स्टुलावर बसले होते. "माले आठेतून बठ्ठासनी पाठच दिखस. एक बाई मधमाच उठनी, तोंडले स्कार्फ बांधीसन चालनी गई."

"मधेच उठून गेली ती किती वाजता, नाना?"

"माले काय ठाऊक? घड्याळ मन्हा डोकावर शे."

समाधानने वर पाहिलं. दाराच्या वर, आतल्या भिंतीवर, मोठं जुनं घड्याळ होतं.

मेहरुनआपांनी पुनमला मागच्या बाकावर बसवलं, समाधानला पहिल्या. स्वतः वेदीसमोर, गुरुजी उभे राहत तिथे उभ्या राहिल्या.

"समाधान, मान न वळवता सांग. पुनम काय करतेय?"

"मला कसं दिसणार? ती मागे आहे."

"वाजले किती?"

"घड्याळही मागेच."

"नवलसर तुझ्याच जागी बसायचे. चिंधानानांना पाठी दिसतात, तोंडं नाही. हिलालभाऊ आत येतच नव्हते. बाईची जांभई आणि सव्वासात वाजलेले, दोन्ही दिसतील अशी जागा एकच. मी उभी आहे ती."

समाधानला वेळ लागला. "गुरुजींनीच? स्वतःविरुद्ध?"

"थकलो, आता जमत नाही, हे सही करून सांगायची लाज वाटली असेल."

"पण एका अनोळखी बाईच्या जांभईवरून कोणी अकरा वर्षांचं काम सोडतं का, आपा?"

"अनोळखी असती तर सोडलं नसतं." मेहरुनआपांचा आवाज खाली आला. "पुनम, फेरीच्या शेवटी टाळ्या होत नसत."

पुनमने समोरच्या बाकाच्या पाठीवर हात ठेवला.

"मला जळगावची बस गाठायची होती," ती म्हणाली. "वाटलं, आबांना तिथून मागचं दिसत नसेल. बसमधून फोन केला. म्हटलं, आबा, छान झाली. ते म्हणाले, बरं झालं आलीस."

समाधानने पत्राची घडी केली आणि ती कोणाकडे द्यावी हे न कळून हातातच ठेवली.

"समितीला नाव सांगायलाच हवं असं नाही," मेहरुनआपा म्हणाल्या.

"मी सांगेन. कोणी लिहिलं ते, आणि कोणामुळे तेही."

"मग ते तुम्हालाच विचारतील, फेरी पुन्हा सुरू करण्यासारखी आहे का."

पुनम उठली. अनवाणी पावलांचा खरंच आवाज झाला नाही.

"ते नवलसरांना विचारा," ती म्हणाली. "मी शेवटपर्यंत बसले नव्हते."