काचेखालचं तळघर

आमच्या गावाचं वाचनालय त्या शनिवारी नव्या इमारतीत हलवायचं होतं. ट्रक वगैरे काही नाही. जुन्या तळघरापासून पलीकडच्या गल्लीपर्यंत सगळं गाव रांगेत उभं राहिलं आणि पुस्तकं हातोहात निघाली. आयोवातल्या आमच्या गावात कामं अशीच होतात.

रांगेचं पहिलं टोक तळघरात. माझा नवरा ऑर्विल आत कपाटातून पुस्तक काढून माझ्या हातात द्यायचा, मी जिन्यावरच्या शेजारणीकडे, व्हायोलाकडे. वरचा उजेड खाली झिरपावा म्हणून जुन्या लोकांनी या तळघराचं छत जाड काचेचं केलं होतं. वर चालणाऱ्याचे फक्त तळवे दिसत. मी तीन वर्षांची असताना फ्लूची साथ आली, तेव्हा आजारी माणसं इथंच ठेवली होती. ग्रंथपाल अग्नेटाबाई त्यांची सेवा करता करता इथंच गेल्या, आणि त्यांच्या जागी जो उभा राहिला तोही आठवड्याच्या आत गेला. मी या जागेला घाबरते म्हणून सकाळी ऑर्विलनं माझी भरपूर थट्टा केली होती.

अकराच्या सुमाराला दिवा गेला. काचेतून आभाळाचा राखाडी उजेड तेवढा येत होता. काम थांबलं नाही. पुस्तकं मात्र गार लागायला लागली, ओलसर, औषधाचा वास येणारी.

"एवढा बडबड्या माणूस, आज तोंडाला कुलूप का?" मी विचारलं. पुढचं पुस्तक आलं.

मान अवघडली म्हणून वर पाहिलं. काचेवर ऑर्विलचे बूट होते. टाचेची नाल मीच ठोकून आणलेली... ओळखण्यात चूक होणं शक्य नव्हतं.

मी जिन्याकडे तोंड करून हाक मारली. "ऑर्विल... तू वर आहेस?"

"मघाशीच आलो, अंधारात तुझ्या मागूनच, फ्यूज बघायला. थांब, येतो माझ्या जागेवर."

"नको... खाली येऊ नकोस."

तीस वर्षांत हा माणूस माझं ऐकेल तर शपथ. बूट जिन्याकडे निघाले. अंधारातून एक पुस्तक माझ्या बोटांना टेकून थांबलं होतं. घेतलं नाही, तर ते हात दुसरं काय धरतील या भीतीनं मी घेतलं. मग आणखी एक. व्हायोलाला मागं रेटत मी एकेक पायरी वर सरकले. प्रत्येक पायरीवर पुढचं पुस्तक तयारच. दारात आलेल्या ऑर्विलला ढकलून बाहेर काढलं आणि दार लावून घेतलं. हिरवळीवर त्याचे हात हातात घेतले. ऊबदार होते. मी सगळ्यांदेखत रडले.

दोघेजण बॅटरी घेऊन खाली उतरून आले. कपाटं रिकामी, माणूस नाही. सगळे हसले, शेवटी मीही हसले.

दुपारी नव्या इमारतीच्या ओसरीवर जेवायला बसलो. रांगेच्या शेवटच्या टोकाला पाद्र्यांची बायको डॅग्मार होती. ती हात चोळत बाहेर आली.

"सेल्मा, नवऱ्याला जेवायला बोलव गं. ढिगातली पुस्तकं मी देतेय आणि तो कपाटांच्या मागून हात पुढं करून घेतोय. एक शब्द बोलत नाही. आणि हात किती गार पडलेत त्याचे..."

ऑर्विल माझ्या शेजारी बसून पाव खात होता. डॅग्मारनं त्याच्याकडे पाहिलं आणि ती खांबाला धरून खाली बसली.

आत कपाटात पुस्तकं लागत होती. एकामागून एक, न थांबता.