तुंगारेश्वरच्या कड्यातला जबडा

हेमांगीला एकाच प्रश्नाचं उत्तर हवं होतं: बॅप्टिस्टकाकांना सापडलेला अर्धा जबडा नेमका कुठल्या थरातून आला?

तीन वर्षांपूर्वी पाचूबंदरचे बॅप्टिस्टकाका तो जबडा घेऊन तिच्या जीवाश्मांच्या प्रयोगशाळेत आले होते. उभा जन्म दगडखाणीत सुरुंगाची भोकं पाडण्यात गेलेला माणूस. लेकीबरोबर तुंगारेश्वरच्या डोंगरात चढाईला गेले असताना कड्यात त्यांना हा तुकडा दिसला होता. तीन दात, भोवती लालसर दगड. दात बिनशेपटीच्या वानराचे, माणसाच्या दूरच्या भावकीतले! हेमांगीला हसू आलं होतं. "काका, तो डोंगर लाव्हाचा आहे, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. तेव्हा वानर जन्मलेच नव्हते. हे सिमेंटनं चिकटवलंय. कोणी फसवलं तुम्हाला? की तुम्हीच...?"

काका जबडा टेबलावर तसाच ठेवून निघून गेले होते.

गेल्या महिन्यात तिनं तो सहज तपासायला घेतला. सिमेंटचा कणही नव्हता. ती थेट पाचूबंदरला गेली, काकांची माफी मागायला. काका एवढंच म्हणाले, "आदी जागा बघ. मंग बोल."

वनखात्याची परवानगी घेऊन तिघं निघाली. हेमांगी, काका आणि दोर सांभाळायला काकांची लेक इझाबेल. कोरड्या ओढ्यातले शेवाळ वाळलेले धोंडे, करवंदीच्या जाळ्या आणि डोक्यावर चढत जाणारं ऊन. दोन तासांनी समोर सरळसोट कडा उभा राहिला. इझाबेलनं वर जाऊन झाडाला दोर बांधला. हेमांगी चढू लागली. आधारासाठी तिनं कपारीत हात घातला आणि आतून कुकरच्या शिट्टीसारखा फूत्कार आला.

"हात काढ!" काका ओरडले.

घोणस! तिनं हात झटकला, पाय सुटला. ती दोराला लोंबकळत कड्यावर आपटली. गुडघा फुटला. पण इझाबेलनं दोर सोडला नाही.

अखेर ती आणि काका वीतभर रुंदीच्या पायरीवर पोहोचले. खाली काळा दगड, वर काळा दगड आणि मधोमध हातभर जाडीचा लाल थर. त्या लालीत रुतून बसले होते दात. जबड्याचा उरलेला अर्धा भाग!

हेमांगीनं त्या दातांवरून बोट फिरवलं. लाव्हाच्या दोन थरांमध्ये वानर? साडेसहा कोटी वर्षांपूर्वी? मग आजवर जे शिकले, शिकवलं, ते सगळं खोटं?

काका मात्र बोटांनी दगड चाचपत होते. "बाय, वरच्या दगडात हे पांढरे दाने हायेत ना? खालच्यात नायत."

"हो."

"मंग जबड्याभोवती बघ. वरच्याच दगडाचे खडे. वरचा दगड आदी झाला असंल, तवाच त्याचे तुकडे यात पडतील ना?"

तिनं मान वर केली. कड्याच्या माथ्यापासून एक भेग थेट लाल थरात उतरली होती. जबड्याभोवतीची माती लाल होती, पण त्या थराची नव्हती. भेगेतून मागाहून पडून घट्ट झालेला तो भराव होता! खाणीतल्या माणसाला जे एका नजरेत दिसलं, ते तिला दिसलं नव्हतं.

जबड्यावर पांढऱ्या चुनखडीचं कवच साचलं होतं. त्याचं वय मोजता येणार होतं. तिनं कवचाचा तुकडा सोलून खिशात टाकला, भराभर फोटो काढले आणि जबड्याला छिन्नी लावली. ठण्‌! ठण्‌!

काकांनी दगडाला कान लावला. "थांब! बद्द वाजतोय. पाठीमागं पोकल हाय!"

"काका, फक्त एक घाव!"

"त्या एका घावानं मानसं मेलेली बघितलीत मी. चल!"

जबडा बोटभर अंतरावर होता. तिला रडू कोसळलं. तिनं हातोडी खाली घेतली.

"इझाबेल, खेच!"

दोघं बाजूच्या उतारावर टेकतात न टेकतात तोच कडाड आवाज झाला. भराव निखळला. पायरी, लाल थर, जबडा, सगळं दरीत कोसळलं! धुळीचा लोट वर आला. इझाबेल वरून धावत आली आणि बापाला घट्ट धरून बसली.

"मी तुम्हाला खोटं म्हटलं होतं, काका," हेमांगी म्हणाली. "चुकलं माझं."

काकांनी फक्त तिच्या फुटक्या गुडघ्यावर आपला रुमाल बांधला.

पाच महिन्यांनी कवचाच्या वयाचा अहवाल आला आणि ती पाचूबंदरला धावली. काका जाळं विणत बसले होते.

"काका, कवच नव्वद लाख वर्षांपूर्वीचं निघालं! जबडा त्याहून जुना!"

काकांच्या हातातली सुई गळून पडली.

"नव्वद लाख? अगो बाय, मी तर समजत व्हतो, लय तर पोर्तुगीजांच्या येलंचं असंल!"