सत्तरीतल्या बाईची संमती

कर्ज-लवादाच्या प्रयोगशाळेतलं ते यंत्र दिसायला अगदीच गरीब होतं. भिंतीला टेकवलेलं एक करडं कपाट, त्याला जोडलेली जाळीची पेटी आणि समोर तीन खुर्च्या. सगळं नागपूर ज्याला ‘काळसंवादक’ म्हणून घाबरून असतं ते हेच का, असं सुगंधा वासनिकच्या मनात आलं.

“बाप्पा! एवढंच?” ती म्हणाली.

“एवढंच पुरतं, ताई,” शेजारच्या खुर्चीतून रंगारी गोडसं हसले. रंगारी म्हणजे कर्ज देणाऱ्या कंपनीचे वसुली अधिकारी. आवाज साखरेत घोळलेला, पण केसानं गळा कापणारा माणूस. हप्ता चुकला की दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा फोन येणारच: “ताई, तब्येत बरी आहे ना?”

बेचाळीस वर्षांची सुगंधा इंदोऱ्यात ई-रिक्षांच्या मोटारी बांधायची, म्हणजे जळालेली तार काढून नवी तांब्याची तार भरायची. धंदा चांगला चालला होता तेव्हा कर्ज काढून तिनं मोठं यंत्र घेतलं. मग रिक्षावाल्यांनी बंद डब्यातल्या मोटारी आणल्या, ज्या बांधताच येत नाहीत, नुसत्या बदलायच्या. काम निम्म्यावर आलं, हप्ता मात्र होता तेवढाच राहिला. तिची प्रज्ञा नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला होती. हप्ता कमी झाला तर पोरगी शिकणार, नाही झाला तर कॉलेज सोडून आईशेजारी तार भरायला बसणार. मधला रस्ता नव्हता. म्हणून सुगंधानं अर्ज केला होता की हप्ता निम्मा करा आणि फेड माझ्या सत्तरीपर्यंत लांबवा.

“आता हे लांबवणं कायद्यानं सोपं नाही,” लवादाच्या शास्त्रज्ञ डॉ. कौमुदी बोकारे यंत्र चालू करत म्हणाल्या. “पूर्वी लोक बेधडक मुदत वाढवायचे. आजचा माणूस सुटायचा आणि मरायचा तो म्हातारा. त्या म्हाताऱ्याला कोणी विचारलेलंच नसायचं. म्हणून उत्तरसंमतीचा कायदा आला. ज्या वयावर बोजा टाकायचा, त्या वयातल्या तुम्हालाच विचारायचं.”

“पण ती तर अजून झालीच नाही ना, मॅडम!”

“तिची उत्तरप्रतिमा आहे. तुमच्या रक्ताच्या तपासण्या, आईवडिलांची आजारपणं, तुमचं आजवरचं बोलणं, सवयी, सगळं या यंत्रात आहे. आत्ता इथं तुम्ही जे बोलाल-ऐकाल, तेही लगेच त्यात जातं. त्यावरून सत्तरीतली सुगंधा कशी विचार करील, हे यंत्र काढतं. हे ज्योतिष नाही. तुमचा जावई कसा असेल, घर कुठं असेल, ते त्याला ठाऊक नाही. फक्त तुम्ही कशा असाल एवढंच. तेही बहुतेक वेळा बरोबर.”

“आणि ती नाही म्हणाली तर?”

“तर हप्ता आहे तोच,” रंगारींनी मध्येच सांगितलं.

सुगंधा स्वतःला चांगली ओळखत होती. भाजीवालीशी घासाघीस करणारी बाई स्वतःलाच सोडील होय? काय काय सांगायचं ते तिनं रात्रभर घोकलं होतं. प्रज्ञाचं नाव घ्यायचं, पाया पडायचं, वेळ आली तर भांडायचं.

पेटीतून श्वास ऐकू आला. मग एक जाड, घोगरा आवाज आला. “कोण? माय का?”

सुगंधा गडबडली. “मी... मी सुगंधा. हप्त्याचं बोलायचं होतं.”

“माय, आलीस तू! बस ना. चहा मांडते.”

“अवं, हप्ता तुझ्यावर टाकू का म्हणते मी. सत्तरीपर्यंत.”

“टाक ना. तू म्हणशील तसं. किती दिवसांनी आलीस वं माय! कोणी येतच नाही.”

“भरशील कशानं?”

“तू सांग, मी करते.” आणि आवाज लहान पोरीसारखा खिदळला.

सुगंधाच्या आईचंही शेवटी असंच झालं होतं. सख्ख्या लेकीला ‘मावशी’ म्हणायची आणि कोणी काहीही मागितलं तरी हो म्हणायची. पण ते आपल्याही वाट्याला येईल, हे सुगंधानं कधी मनात येऊ दिलं नव्हतं. तिला ओरडून सांगावंसं वाटलं, बंद करा हे.

डॉ. बोकारेंनी आवाज थांबवला. “सुगंधाताई, मला वाईट वाटतं. पण ही संमती धरता येत नाही. शुद्धीवर नसलेल्या माणसाचा होकार हा होकार नसतो.”

“बरोबर आहे,” रंगारी म्हणाले. त्यांच्या आवाजातली साखर एकदम संपली होती. “आणि शुद्धीवर नसलेल्या माणसाकडून वसुलीही होत नाही. मॅडम, सत्तरीवरून एकेक वय खाली या बरं. हे सुरू कधी होतं ते बघू.”

“रंगारी, याची गरज आहे का?”

“कंपनीचा हक्क आहे, मॅडम. कायद्यातच आहे.”

हक्क होता, म्हणून त्या खाली आल्या. पासष्टची सुगंधा गाणं म्हणत राहिली. साठची स्वतःच्या लेकीचं नाव आठवता आठवता रडू लागली. ते ऐकून सुगंधानं दोन्ही कान झाकले. बाई जिवंत असताना तिला तिचंच मरण तुकड्यातुकड्यानं ऐकवणं म्हणजे काय, ते त्या खोलीतल्या तिघांनाही कळत होतं. पण थांबलं कोणी नाही.

सत्तावन्नला आवाज खणखणीत आला. “कोण? रंगारी का? अजून हप्तेच मागत फिरतोस का रे बाप्पा?”

रंगारी दचकले. मग सावरून म्हणाले, “म्हणजे सत्तावन्नपर्यंत बाई शहाणी आहे. फेड तिथं संपली पाहिजे. सगळी वर्षं सारखी धरली तर हप्ता थोडाच उतरेल, ताई. निम्मा विसरा.”

“थोडाच म्हणजे?”

त्यांनी आकडा सांगितला. त्यात प्रज्ञाची फी बसत नव्हती. सुगंधाला रडू आवरेना.

“रडू नको गं,” पेटीतून ती म्हणाली. “मला आठवतो हा दिवस. तू ऐकलंस ना त्या म्हातारीला? मीपण ऐकलं होतं. पंधरा वर्षं झाली, एक दिवस विसरले नाही. त्या दिवसापासून मी तयारीलाच लागले आहे.”

सुगंधानं डोळे पुसले. डॉ. बोकारे हळूच म्हणाल्या, “आत्ताचं ऐकणं त्यात गेलं आहे. हे कळल्यावर तुम्ही जशा व्हाल, तशी ही आहे.”

“आता सौदा ऐक, रंगारी,” सत्तावन्नची बाई म्हणाली. “पोरगी शिकून होईस्तोवर हिचा हप्ता निम्मा. नंतरचा सगळा भार माझ्यावर आणि माझ्या आधीच्यांवर. पंचेचाळिशीतली, पन्नाशीतली, सगळ्यांना विचार, त्या नाही म्हणायच्या नाहीत. व्याज घे, दुप्पट हप्ता घे. हात चालतात तोवर मी भरीन. पण सत्तावन्नच्या पुढं एक पैसा नाही. त्या म्हातारीच्या दारात जायचं नाही. फोन नाही, ‘तब्येत बरी आहे ना’ नाही, काही नाही. लिहून दे.”

रंगारींनी हिशोब केला, परत केला. कंपनीचं काही बुडत नव्हतं, उलट वरकमाईच होती. मधल्या प्रत्येक वयाला विचारून झालं. एकेक जण चढ्या आवाजात हो म्हणत गेली. दर वर्षी कामाचा थकवा थोडा जास्त ऐकू यायचा, पण होकार कुणाचाच डळमळला नाही. करार झाला. रंगारींनी सही केली आणि कागद गोळा करून, सुगंधाच्या नजरेला नजर न देता ते निघून गेले.

हप्ता निम्मा झाला होता. प्रज्ञा शिकणार होती. सुगंधाला आनंद व्हायला हवा होता, पण ती उठलीच नाही.

“मॅडम, एकदा परत ऐकवता का? सत्तरीतली.”

“आता तिच्या संमतीची गरज नाही, ताई. कशाला जिवाला त्रास?”

“ऐकवा ना जी.”

डॉ. बोकारेंनी कळ दाबली. पुन्हा तोच श्वास आला.

“कोण? माय का?”

“हो,” या वेळी सुगंधा म्हणाली. “कोणी त्रास देतं का गं तुला? हप्ताबिप्ता मागतं का?”

“नाही वं माय. मला कोणी काही मागत नाही. एक बाई होती इथं, तिनं सारं फेडलं. लय खपली बिचारी. मला म्हणाली, तू निवांत राहा, तुझ्यापर्यंत काही येऊ देत नाही. चांगली होती वं. किती दिवस झाले, दिसली नाही. तू पाहिलंस का तिला?”

सुगंधानं पेटीवर हात ठेवला. जाळी गार होती.

“पाहिलं ना,” ती म्हणाली. “कामावर गेली आहे ती.”

“अस्सं? मग झाकून ठेवते तिचं ताट. उपाशी असेल.”