भाद्रपदातला कुक्कू

“यादी आली म्हणजे मी आहे, असं धरून चालू नका,” नाना काटकर म्हणाले होते. ते शिडी धरून खाली उभे होते आणि तृप्ती जगदाळे वळचणीला खोका बसवत होती. “यादी ह्या डबड्याची. तिच्यात मी कुठं आलो?”

तृप्तीने ओठांत धरलेला स्क्रू काढला. “नाना, वंदनाताईंना तेवढाच आधार. त्या हुबळीला. तुम्ही फोन उचलत नाही. सकाळी तुमची यादी दिसली की त्यांचा जीव भांड्यात पडतो.”

“पडू दे की. पण तिला एवढं सांग, ह्याला पक्षी कळतो, माणूस कळत नाही.”

“सांगते,” तृप्ती म्हणाली, आणि स्क्रू पिळायला लागली. सांगायचं तिच्या लक्षातही राहिलं नाही.

खोक्याचं नाव कानोसा. वीतभर लांब, वर सौरपट्टी, समोर बारीक जाळी. पहाटे पाच ते आठ तो ऐकायचा, आवाजावरून पक्षी ओळखायचा आणि आठच्या ठोक्याला त्या जागेची यादी राज्याच्या नोंदवहीत टाकायचा. तीन वर्षांत असे हजारो कानोसे शेतांवर, गच्च्यांवर, शाळांच्या कौलांखाली लागले होते. माणसाचं बोलणं ऐकायला मात्र त्यांना कायद्याने बंदी होती. घराच्या भिंतीला लावायचं यंत्र घरातलं ऐकणारं असून चालणार नव्हतं. त्यामुळे बोलणं, रडणं, हाका मारणं, सगळं खोक्यातल्या खोक्यात पुसलं जायचं. नियम करणाऱ्यांच्या ध्यानात एकच गोष्ट आली नव्हती. माणूस शीळही घालतो.

नाना कालवा निरीक्षक म्हणून निवृत्त झाले होते. पिंपरणीच्या तलावाच्या टोकाला पाटबंधाऱ्याची एक जुनी खोली होती, तिथे ते एकटे राहायचे. गाव तिथून दोन किलोमीटरवर. भाद्रपदात उत्तरेकडचे पक्षी खाली उतरायला लागले की नाना बांधावर दोर ताणायचे आणि पाटी लावायचे: पुढे तीनशे मीटर शांतता, दसऱ्यापर्यंत प्रवेश नाही. पाटीवर खाली तृप्तीचं नाव होतं, कारण ती जिल्ह्याची पडताळणीकार होती. वेगळी काही नोंद आली की ती तृप्तीकडे यायची. तिने मान्य म्हटलं की नोंद पक्की व्हायची आणि तो आवाज नमुना म्हणून सगळ्या कानोशांच्या शिकवणीत जायचा. हे काम ती साताऱ्याच्या घरात, आठ महिन्यांच्या राहीला मांडीवर घेऊन करायची. प्राणिशास्त्राच्या एम.एस्सी.चा तेवढाच उपयोग उरला होता. पाळण्याला तिने श्वास मोजणारी पट्टी बांधली होती, आणि ती चालू आहे ना हे पाहायला दर अर्ध्या तासाने उठायची.

सोमवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी नाना मोरीच्या उंबऱ्यावर घसरले. खुब्याचं हाड मोडलं. फोन फळीवर चार्जिंगला होता, उभ्या माणसाच्या खांद्याच्या उंचीवर. त्या खोलीत काय झालं ते पुढे खुणांवरून आणि कानोशाच्या नोंदींवरून जुळवता आलं. आधी त्यांनी हाका मारल्या असणार. त्या पुसल्या गेल्या. हे बाहेरच्या कोणापेक्षा नानांना जास्त ठाऊक होतं; ह्याच यंत्राला, ते भिंतींवर लागायच्या आधीपासून, त्यांनी चार वर्षं आवाज पुरवले होते. मग त्यांनी हाताला लागला तो टॉवेल मोरीच्या बादलीत बुडवला, ओठ ओले केले आणि शीळ घातली.

आठ वाजता तृप्तीच्या पडद्यावर लाल खूण आली. पिंपरणी, शीळ कस्तूर, खात्री ब्याण्णव टक्के. शीळ कस्तूर घाटातल्या ओढ्यांचा पक्षी, एखाद्या रिकामटेकड्या माणसासारखी लांब शीळ घालणारा. माण तालुक्यातल्या कोरड्या माळावर त्याचं काय काम? पण दिवस स्थलांतराचे होते, एखादा भरकटतो. राही रडत होती. तृप्तीने आवाज एकदा ऐकला, मान्य केला आणि नानांना निरोप टाकला: अभिनंदन नाना, आता पेढे.

मंगळवारी कुक्कू आला.

ह्या वेळी ती थबकली. हिमालयाकडून येणारा कुक्कू आफ्रिकेला जाताना महाराष्ट्रावरून जातो, ते भाद्रपदातच. पण जाताना तो मुका असतो. त्याची ती प्रसिद्ध दोन सुरांची साद वीण असते तेव्हाची, वसंतातली. आणि इथे ती अकरा वेळा नोंदली गेली होती: तीनदा साद, मग शांतता, पुन्हा तीनदा. तृप्तीच्या कॉलेजच्या सहलीत पहिल्याच दिवशी नानांनी मुलांना सांगितलं होतं की भाद्रपदात कुक्कू ओरडला तर तुमचे कान तपासा. ज्याला हे माहीत आहे त्याला ही नोंद अशक्य वाटावी, म्हणूनच फरशीवर पडलेल्या माणसाने हा पक्षी निवडला होता.

तृप्तीने नानांना फोन लावला. वाजत राहिला. दसऱ्यापर्यंत ते उचलत नसतच. तिने हुबळीला त्यांच्या मुलीला लावला.

“यादी आलीय ना?” वंदना म्हणाली. तिच्या मागे मिक्सर चालू होता. “मी पाहिली. मग नाना ठीक आहेत. काही खास?”

“कुक्कू आलाय त्यांच्याकडे. गाणारा.”

“मग काय, आता महिनाभर तेच ऐकावं लागणार आम्हाला.”

दोघी हसल्या. हवामान बदललंय, पक्ष्यांची घड्याळं चुकतायत, असे लेख तृप्तीने ढिगाने वाचले होते. यंत्र चौऱ्याण्णव टक्के म्हणत होतं. जिल्ह्यातली पहिली नोंद होती. तिने मान्य केलं, आणि संध्याकाळपर्यंत पुण्याच्या पक्षीमित्रांच्या दोन गाड्या निघाल्या.

बुधवारी उजाडताना तृप्ती राहीला घेऊन बांधावर पोचली. दोराच्या अलीकडे पंधरा-वीस माणसं दुर्बिणी लावून उभी होती. साद येत होती. नानांच्या खोलीमागच्या बाभळीतून, असं सगळे म्हणत होते.

“पितृपक्षात कावळ्याच्या जागी कुक्कू,” पुण्याचा मंदार हळूच म्हणाला. “कोणाचे तरी पूर्वज लंडनचे असणार.”

“वडे टाक, येईल जवळ,” दुसरा म्हणाला, आणि सगळे तोंड दाबून हसले.

दोराच्या खांबाला दुधाची किटली लटकत होती, झाकणापर्यंत भरलेली. खाली आणखी एक, तिला मुंग्या लागलेल्या. दूध घालणारा बापू तिसरी घेऊन आला होता आणि कुठे टांगावी ह्या विचारात उभा होता.

“नाना नेत नाहीत का?” तृप्तीने विचारलं.

“परवाधरनं नाही बघा. म्हटलं, गेलं असत्याल लेकीकडं. आन् आत जायचं तर त्यांनीच बंद केलंय. मागल्या साली माझी सायकल वाजली तर काय बोललेत मला, आय शपथ.”

नाना हुबळीला गेले असतील तर वंदनाने काल तसं सांगितलं असतं. वंदनाला नाना घरी आहेत असं वाटत होतं, बापूला नाहीत असं. तृप्तीला दोघांचंही एकाच वेळी पटलं, कारण दोन्हींत नाना बरे होते. तरी तिने दोर उचलला.

“ताई,” मंदार म्हणाला. आवाज सभ्य होता. “तीनशे मीटर.”

“दारापर्यंत जाऊन येते. नानांना बघते फक्त.”

“आम्ही दोनशे किलोमीटर आलोय. तुमचंच नाव आहे पाटीवर. पडताळणीकारानेच पक्षी उडवला असं लिहायचं का आम्ही?”

तेवढ्यात राही रडायला लागली. ते रडणं पाण्यावरून पलीकडे गेलं. सगळ्या दुर्बिणी खाली आल्या, सगळ्या माना तृप्तीकडे वळल्या.

आणि कुक्कूने साद घातली. आता थांबून थांबून नाही. एकामागून एक, घाईने, तीन, सहा, दहा, मधल्या सुरातच तुटणारी, पुन्हा उचललेली. राही गप्प झाली की तो थांबायचा, रडली की सुरू व्हायचा.

“बाळाला उत्तर देतोय,” एक बाई कुजबुजली. तिचे डोळे भरून आले होते. मंदारने ध्वनिमुद्रण सुरू केलं. “जबरदस्त. ताई, पण आता तिला गाडीत न्या. त्याला ताण येतोय.”

पक्ष्याची साद अर्ध्यात अशी तुटत नाही, हे तृप्तीला कळत होतं. पक्ष्याला दम लागत नाही, हेही. पण वीस माणसं तिच्याकडे बघत होती, रडणाऱ्या मुलीची आई म्हणून. दोर तिच्या हातात होता. तिने तो खाली सोडला, राहीला गाडीत नेलं, काचा वर केल्या आणि तिला पाजलं. काचांमधून साद ऐकू येत नव्हती. ऐकू येत नव्हती म्हणून तिला जरा बरं वाटलं. नऊच्या सुमाराला ती साताऱ्याला परतली.

गुरुवारच्या यादीत कुक्कू एकदाच होता. पाच बावन्न. पुढे काही नाही. पुण्याच्या गटावर मंदारने लिहिलं की पाहुणा पुढच्या प्रवासाला गेला, त्याला शुभेच्छा. खाली सत्तर जणांनी हात जोडले.

तृप्तीने वंदनाला फोन केला. “नाना तुमच्याकडे आले का?”

“माझ्याकडे? नाही. का? आजची यादी आलीय की.”

तृप्ती दीड तास गाडी चालवत होती. राहीला शेजारणीकडे सोडलं होतं. दोर ओलांडताना बांधावर कोणी नव्हतं. दार नुसतं लोटलेलं होतं.

नाना मोरीपासून दारापर्यंत अर्ध्या वाटेवर होते, पालथे. बादली त्यांनी सोबत ओढत आणली होती. ती कोरडी होती आणि टॉवेल त्यांच्या दातांत होता. ओठ फाटले होते, जखमांवर खपल्या धरून पुन्हा फाटले होते. फळीवरच्या फोनवर तिचा निरोप अजून न वाचलेला होता: अभिनंदन नाना, आता पेढे. डॉक्टर म्हणाले, आज सकाळी, सहा ते सातच्या दरम्यान. बुधवारी आणलं असतं तर हाड जुळलं असतं. सत्तरीत जुळतात.

वंदना दुसऱ्या दिवशी आली. ती तृप्तीवर ओरडली नाही. तिने विचारलं, “बुधवारी तू किती लांब होतीस?”

“तीनशे मीटर.”

“आणि ऐकू येत होतं?”

“हो.”

वंदनाने मान हलवली आणि नानांची दुर्बीण पिशवीत भरायला घेतली. त्यानंतर ती तृप्तीशी कधी बोलली नाही.

कानोसा बनवणाऱ्या कंपनीने चौकशी केली. एका दुर्मिळ नोंदीमुळे तलावावर गर्दी झाली, असा निष्कर्ष निघाला. म्हणून पुढच्या हंगामापासून प्रत्येक दुर्मिळ पक्ष्याचं नेमकं ठिकाण गुप्त राहू लागलं. नोंदवहीत पडताळणीकारालाही फक्त तालुका दिसतो. तृप्तीने लेखी मागणी केली की तिने मान्य केलेल्या सगळ्या कुक्कूच्या नोंदी रद्द कराव्यात. तिथल्या तज्ज्ञाने तिला फोन केला. तो तरुण होता, आणि खरंच मदत करू पाहत होता.

“नोंदी काढतो, मॅडम. पण शिकलेलं काढता येत नाही. तो नमुना सगळ्या यंत्रांत उतरलाय. आणि खरं सांगू का, त्याने कुक्कूची ओळख सुधारलीय. फार स्वच्छ आवाज आहे.”

“तो माणसाचा आवाज आहे.”

“शीळ म्हणजे कायद्याने बोलण्यात येत नाही ना, मॅडम.”

“मग आता कोणी माणसाने शीळ घातली तर?”

“तर,” तो म्हणाला, “पडताळणीकार बघतीलच की, मॅडम.”

पुढच्या भाद्रपदात राज्यात सहा ठिकाणी गाणारे कुक्कू नोंदले गेले. पक्षीमित्रांत आनंद होता; मार्ग बदलतोय, असे लेख आले. राज्यभरच्या कुक्कूंची पडताळणी तृप्तीने मागून घेतली होती; ती प्रत्येक नोंदीमागे लागली. एक गुराखी निघाला, एक गच्चीवर कबुतरं उडवणारा मुलगा. उरलेली चार ठिकाणं तिला सापडलीच नाहीत.

आज सकाळी आठ वाजता सातवी नोंद आली. तालुका करमाळा, घराच्या परसातला कानोसा, पाच चाळीस ते सात पंधरा. तीनदा साद, मग शांतता, पुन्हा तीनदा. खात्री अठ्ठ्याण्णव टक्के. तिने करमाळ्याच्या पोलीस ठाण्यात फोन केला. ठाणे अंमलदाराने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, बाई, घर कोणाचं? ते तिला सांगता आलं नाही. कंपनीने ठिकाण द्यायला लेखी अर्ज मागितला, सात दिवसांत उत्तर मिळेल म्हणाले. राही शेजारी उभी राहून टेबलावर चमचा आपटत होती. तृप्तीने मान्य आणि अमान्य ही दोन्ही बटणं सोडून दिली आणि नोंदीखाली शेरा लिहायची जागा असते, जिथे लिहिलेलं कोणालाही वाचता येतं, तिथे लिहिलं:

हा पक्षी नसावा. करमाळा तालुक्यात तुमचं कोणी एकटं राहत असेल, आई, मामा, जुने मास्तर, कोणीही, तर आत्ता तिथे जा. फोन लावून समाधान मानू नका. त्यांच्या नावाने सकाळी काय आलं ते बघू नका. दोर असेल तर ओलांडा, पाटी असेल तर असू दे, दार वाजवा आणि उघडलं नाही तर ढकला. कोणी रागावलं तर माझं नाव सांगा. मी इथून निघते आहे, पण मला पोचायला चार तास लागतील आणि कोणतं घर ते मला माहीत नाही. तुम्ही जवळ आहात. तुमच्यापैकी कोण जातंय?